चार रांगा मेल्या, तीन जगल्या

१. उघडी तोंडं

सोमवारी सकाळी सुनयना तळ्यावरून धावत आली आणि माझ्या अंगणात उभी राहून हातातलं जाळं नुसतंच दाखवत राहिली. जाळ्यात दहा शिंपले होते आणि दहाही शिंपल्यांची तोंडं उघडी होती.

"बोट लावून पाह्यलं का?" मी विचारलं.

"पाह्यलं ना वं. मिटूनच नाई राह्यले."

जिवंत शिंपल्याला बोट लावलं की तो खटकन मिटतो. आमच्या बचत गटातल्या बायकांना हे मीच शिकवलं होतं. मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन, आदिलाबादच्या कॉलेजातून. हे मी लोकांना गरजेपेक्षा जास्त वेळा ऐकवते, असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं आहे.

आमचं रुईखेड तेलंगणाच्या सीमेवरचं, तलमडुगु मंडलात (म्हणजे तालुक्यात), कापसाचं आणि ज्वारीचं गाव. गेल्या आषाढात आम्ही बारा बायकांनी गावाबाहेरच्या तळ्यात मोत्यांची शेती सुरू केली. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याच्या पोटात बारीक मणी बसवायचा, शिंपला जाळ्यात घालून पाण्यात लटकवायचा आणि दीड वर्ष धीर धरायचा. तळ्यावर आडवे सात दोर बांधले होते. दोरांना तरंगते डबे, डब्यांखाली जाळी, एका दोराला तीनशे शिंपले. त्याला आम्ही रांग म्हणायचो.

दुपारपर्यंत आम्ही सगळी जाळी वर काढून पाहिली. पहिल्या चार रांगा मेल्या होत्या. बाराशे शिंपले. सोनाबाई आमच्या गटाच्या अध्यक्ष, वय साठ, आवाज असा की शेजारच्या गावातली गुरं वळावीत. त्यासुद्धा बांधावर बसून गप्प राहिल्या, आणि ते पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

तेवढ्यात शेळ्या घेऊन दादाजी आले. ते म्हातारे आहेत, पण त्यांची नजर घारीची. बायकांचा घोळका पाहून त्यांनी काठी टेकवली.

"शनिवारी दुपारी चंपत इथीच होता," ते म्हणाले. "हातात कॅन होती. म्या इचारलं, काय हाय बे त्याच्यात? तं म्हणे, मंदू हाय."

सगळ्यांच्या माना सुनयनाकडे वळल्या. चंपत तिचा नवरा.

२. एक शब्द

मंदू हा तेलुगू शब्द. मंदू म्हणजे औषध. दवाखान्यातली गोळीही मंदू आणि पिकावर फवारायचं विषही मंदू. आमच्या गावाला तो शब्द दुकानाच्या पाटीवरून माहीत. तलमडुगुच्या बाजारात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, 'पुरुगु मंदुलु', किडीची औषधं. कापसाच्या गावात मंदू म्हटलं की पाठीवरचा पंपच डोळ्यांपुढे येतो.

आणि चंपतकडे कारणही होतं. तीन वर्षांपूर्वी आमच्या गटानं गावातली दारू बंद केली. शेवटची भट्टी चंपतची होती आणि ती फोडताना पहिला दगड सुनयनानं मारला होता. त्यानंतर चंपतनं तिच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडल्याची शपथ घेतली, गवंड्यांच्या टोळीबरोबर आदिलाबादला कामाला गेला, आणि यंदाच्या होळीला, महिनाभरापूर्वीच, परत आला. तसा माणूस सुधारला होता. पण भट्टी फुटल्याचा राग माणूस किती वर्षं पोटात ठेवतो, हे कोणाला ठाऊक?

सोनाबाईंनी त्याला तिथंच बोलावलं.

"शनिवारी तळ्यावर गेलता का?"

"गेलतो."

"कॅनीत काय होतं?"

चंपतनं एकदा सुनयनाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "काई नाई," तो म्हणाला. शिव्या खाल्ल्या, पण शब्द काढला नाही.

"प्रणिता, दरखास लिव," सोनाबाई मला म्हणाल्या. "शुक्रवारी सगळ्याइच्या सह्या, शनिवारी ठाण्यात. आन् ज्या घरानं गटाचं वाटोळं केलं त्या घरची बाई गटात नाई राहणार."

गटाची सचिव मी. वही माझी, पेन माझा. सुनयना लग्न होऊन या गावात आली त्याच वर्षी मीही आले. दोघी एकाच विहिरीवर पाणी शेंदायला शिकलो. मोत्यांच्या कामात सगळ्यांत हलका हात तिचा. मणी बसवताना माझ्या हातून दहातले तीन शिंपले मरायचे, तिच्या हातून एकही नाही. तिला या गटाशिवाय दुसरं काही नव्हतं आणि तिचं नाव कापायचं काम माझ्या पेनाला करायचं होतं.

"शुक्रवारपर्यंत थांबता ना?" मी सोनाबाईंना विचारलं. "मग मी माझ्या मामाला बोलावते."

"तुहा मामा पोलीस हाय का?"

"नाही. खाणीत हवा तपासायचे."

सोनाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझं बी.एस्सी. त्याच वेळी रद्द झालं असावं.

३. मासे कुठी हायत?

मारोतराव मामा बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत बत्तीस वर्षं होते. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी खाली उतरायचं, कुठे वाईट हवा साचलीय का पाहायचं आणि मग बाकीच्यांना आत सोडायचं, हे त्यांचं काम. या कामानं त्यांना दोन सवयी लागल्या. एक, ते कधीच घाई करत नाहीत. दोन, कोणी काहीही सांगितलं तरी आधी आपण वाकून पाहतात.

बुधवारी सकाळच्या बसनं ते उतरले. पाणीसुद्धा न घेता तळ्यावर आले आणि बांधावर उकिडवे बसले.

"मासे कुठी हायत?" त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. काठाजवळ बोटाएवढे मासे झुंडीनं फिरत होते.

"मले एक सांग, तू शिकलेली हायेस. या पाण्यात कोणी कॅनभर विष ओतलं, तं आधी कोण मरन? मासा का शिंपला?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं, सोमवारच्या शिंपल्यासारखं. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. "मासा," मी म्हणाले. "तासाभरात उलटा होऊन वर आला असता. शिंपला निदान काही काळ कवच मिटून बसतो."

"मंग मासे जिते काऊन?"

मामांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी धोतर खोचलं, पाण्यात उतरले आणि एकेका रांगेजवळ जाऊन जाळी उचलून पाहू लागले. पहिली मेलेली. दुसरी, तिसरी, चौथी मेलेली. पाचवीतल्या शिंपल्याला बोट लावताच तो मिटला. सहावी, सातवी जिवंत.

"खाणीत माणूस पडला की सगळे इचारतात, कशानं पडला," ते काठावर येऊन म्हणाले. "म्या इचारतो, कुठी पडला, आन् कुठी नाई पडला. आता त्या दादाजीले बोलाव. चंपत कुठी उभा होता ते मले पाहाचं हाय."

दादाजींनी काठीनं जागा दाखवली. चंपत उभा होता पलीकडच्या कडुलिंबाखाली. सातव्या रांगेच्या अगदी जवळ. जिथे एकही शिंपला मेला नव्हता तिथे.

४. वामनरावांचा बांध

पण गाव असं पटकन ऐकत नाही. आता लोकांनी दुसरं नाव काढलं, वामनरावांचं. त्यांचा कापसाचा पट्टा तळ्याला लागून. आम्ही तळं घेतल्यापासून त्यांच्या म्हशींना डुंबायला जागा उरली नाही, म्हणून त्यांनी चारचौघांत आम्हाला बोल लावले होते. त्यांच्या शेतातलं फवारणीचं पाणी तळ्यात उतरत असेल, असं बायका म्हणू लागल्या.

मामा आणि मी त्यांच्या घरी गेलो, तर वामनराव आम्हाला पाहताच उठून उभे राहिले.

"म्या भांडलो, कबूल," ते म्हणाले. "पण चैतात कोन फवारते, वो? कापसाच्या पऱ्हाट्या उपटून दोन महिने झाले. नांगरलेल्या ढेकळाले का मी औषध मारू? आन् माहा बांध कोन्या अंगाले हाय ते तं पाहा! माह्या बांधाकडच्या रांगा टवटवीत हायत न!"

ते खरंच होतं. त्यांचा बांध कडुलिंबाच्याच बाजूला, पाचव्या, सहाव्या, सातव्या रांगेकडे. मामा हसले आणि त्यांच्याकडून पाणी मागून प्याले. वामनरावांचा चेहरा तेवढ्यानं सैल झाला. आळ आपल्यावरच येईल म्हणून सोमवारपासून ते बिचारे घरातच बसून होते, हे त्यांच्या सुनेनं मला दारात सांगितलं.

परत येताना मामांनी मला दोन शिंपले उचलायला लावले, एक दुसऱ्या रांगेतला मेलेला, एक सहाव्या रांगेतला जिवंत. माझ्या ओसरीवर उन्हात धरून ते चष्मा वरखाली करत बसले.

"या रेघा कायच्या?"

"वाढीच्या. शिंपला कडेनं वाढतो. खाणंपिणं चांगलं असलं की पट्टा रुंद पडतो, जीव आजारला की रेघा बारीक आणि चिकटून येतात."

"म्हंजे दगडाच्या थरावानी. वाच मंग."

मी वाचलं. आणि वाचता वाचता सरळ होऊन बसले. सहाव्या रांगेतल्या शिंपल्यावर आषाढापासून आतापर्यंत रुंद, फिकट पट्टे होते. दुसऱ्या रांगेतल्या शिंपल्यावरही तसेच, पण अर्ध्यापर्यंतच. पुढे काळपट रेघा, एकीला एक चिकटलेल्या, नखानंही वेगळ्या न करता येणाऱ्या.

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

मी पट्टीनं मोजलं. "साधारण दिवाळीपासून. मामा, हे शिंपले परवा मेले नाहीत. सहा महिने मरत होते. रोज थोडं थोडं काहीतरी पोटात जात होतं. एक शिंपला दिवसाला दोन घागरी पाणी गाळतो. पाण्यातलं न विरणारं विष असं त्याच्या अंगात साचतच जातं, बाहेर पडत नाही. मासा फिरतो, दूर जातो. शिंपला जाणार कुठे? अशक्त झाला होता, या आठवड्याच्या उन्हानं शेवटचा धक्का दिला."

"चंपत गावात कधी आला?"

"होळीला."

मी इतक्या जोरात उठले की शिंपले मांडीवरून खाली पडले. सुनयनाला सांगायला मी दारापर्यंत पोचलेही होते.

"बस," मामा म्हणाले. "पोट्ट्यानं विष नाई टाकलं हे तुले समजलं, मले समजलं. सोनाबाई इचारन, कॅनीत काय होतं? तेवा काय सांगशीन?"

५. कडुलिंबाची मुळी

गुरुवारी सकाळी मामा एकटेच कडुलिंबाखाली गेले आणि मला हाक मारली. पाण्यात उतरलेल्या एका मुळीला त्यांनी बोट लावलं. मुळीला सुतळीचा फास होता, दुसरं टोक पाण्यात लोंबत होतं. टोकाला काही नव्हतं.

"इथी काईतरी बुडवून ठेवलं होतं," ते म्हणाले. "विष ओतणारा माणूस कॅन बांधून नाई ठेवत. चंपतले आण. सुनयनाले नको आणू."

चंपत आला. चार दिवसांत तो अर्धा झाला होता. मामांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. एकदम तेलुगूत विचारलं, सहज, बेल्लमपल्लीच्या नाक्यावर मित्राला विचारावं तसं:

"मंदू चल्लगा उंदा?"

औषध गार आहे का? मला वाटलं मामांना ऊन लागलं. पण चंपतचे खांदे खाली आले आणि तो मटकन बसला.

"गार झालतं, काका," तो म्हणाला. "पण प्यालो नाई. देवाची आण, प्यालो नाई. टोळीतल्या मिस्त्रीनं आणून देल्ली होती. पाण्यात बांधून ठेवली, घडीभर बसलो पाहत. मंग सुनयनाचं डोकं आठवलं. ओतून देल्ली तिकडं उकिरड्यावर, आन् कॅन फेकली."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगू? गटाचा नियम हाय, ज्या घरात दारू आली त्या घरची बाई गटाबाहेर. खरं सांगतलं तं तिले काढतीन, नाई सांगतलं तं मले नेतीन. म्हटलं मलेच नेऊ द्या."

चार दिवस मी या माणसाकडे पाहून तोंड फिरवत होते.

"मामा, पण मंदू म्हणजे..."

"अवं, आमच्या बेल्लमपल्लीत मंदू म्हटलं की माणूस ग्लास शोधते, पंप नाई," मामा म्हणाले. "तेलुगूत दारूलेबी मंदूच म्हणतात. पोट्टा एवढे दिवस तेलुगू मिस्त्रीबरोबर राह्यला, त्याच्या तोंडी तोच शब्द बसला. दादाजीनं आपल्या कानानं ऐकला. एक शब्द, दोन कान."

चंपत डोळे पुसत होता. मला हसूही येत होतं आणि रडूही. तो सुटला होता, निदान आमच्या दोघांपुरता. पण शिंपले कशानं मेले, हे अजून तसंच होतं.

"दिवाळीले तळ्यावर काय बदललं?" मामांनी विचारलं.

मी आठवू लागले, आणि आठवल्यावर वाटलं, आठवलं नसतं तर बरं.

६. माझी वही

दिवाळीपर्यंत दोर बांबूवर बांधलेले होते. बांबू कुजले. तेव्हा करीमनगरकडून आलेल्या एका प्रशिक्षक सरांनी तरंगत्या डब्यांची युक्ती सांगितली होती. सर एकच दिवस आले होते आणि फक्त तेलुगू बोलत होते. गावात सगळ्यांत चांगलं तेलुगू मला येतं, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणून सर बोलले आणि मी त्यांचा शब्द न् शब्द मराठीत वहीत उतरवला. बायकांनी वहीप्रमाणे केलं.

मामांनी तिसऱ्या रांगेतला एक डबा सोडून आणला. निळा, उन्हानं टरकलेला, झाकणाला चीर. लेबल अर्धं गेलेलं. मी ओल्या पदरानं पुसलं आणि मोठ्यानं वाचलं.

"एंडोसल्फान. सन दोन हजार नऊ."

कापसावर एके काळी हेच मारायचे. पुढे त्यावर बंदी आली, पण रिकामे डबे कोणी फेकत नाही. गोठ्याच्या माळ्यावर पडून राहतात, कधीतरी कामाला येतील म्हणून. आम्ही ते राखेनं दोनदा धुतले होते. पण असलं औषध वर्षानुवर्षं जात नाही, प्लास्टिकच्या अंगात मुरून बसतं. ऊन लागलं, चिरा पडल्या, आणि थेंबाथेंबानं खाली लटकलेल्या शिंपल्यांवर उतरत राहिलं.

"चार रांगाइले असेच डबे हायत," मामा म्हणाले. "बाकी तिघाइले?"

"तेलाचे. औषधाचे डबे पुरले नाहीत. सोनाबाईंच्या नातीच्या लग्नातले गोड्या तेलाचे डबे होते ते लावले."

"औषधाचेच डबे पायजे, असं कोनं सांगतलं?"

"सरांनी. वहीत आहे." मी घरून वही आणली, पान काढलं. माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: दोर तरंगवायला औषधाचे रिकामे डबे वापरावेत, रस्त्याकडेला फुकट मिळतात.

"रस्त्याकडेला औषधाचे डबे?" मामांनी चष्मा काढला. "सर तेलुगूत काय म्हणाले? त्याईचा शब्द सांग."

मला तो वाक्यासकट पाठ होता. मी ऐटीत म्हणून दाखवलं, "खाली मंदू सीसालु."

म्हणता म्हणता मलाच माझा शब्द नीट ऐकू आला. मामा बांधावर बसले आणि पोट धरून हसू लागले. हसताना त्यांना ठसका लागला, चंपतनं त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. रस्त्याकडेला फुकट काय मिळतं, हे आदिलाबादच्या हमरस्त्यावरून गेलेल्या कोणालाही विचारा. दारूच्या रिकाम्या बाटल्या! खाली म्हणजे रिकाम्या, सीसालु म्हणजे बाटल्या; सर त्या म्हणत होते. पण आमच्या गावात तीन वर्षं दारू नव्हती. मंदू म्हणजे फवारणीचं, आणि ते येतं डब्यात; दुसरा अर्थ माझ्या डोक्यात यायला जागाच नव्हती.

मामांनी सरांना फोन लावला. सर पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिले, डबे काढले का, डबे काढले का.

७. कोणाविरुद्ध

डबे त्याच दुपारी काढले. चंपत छातीभर पाण्यात उभा राहून एकेक सोडत होता, तोंडाला फडकं, हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या. जिवंत रांगा कुठे हलवायच्या हा प्रश्न पडला तेव्हा वामनराव स्वतःहून आले आणि म्हणाले, "माह्या विहिरीत सोडा. म्हशी पाण्याले दुसरीकडं नेतो." तळ्याच्या काठावर काटेरी फांद्या टाकून गुरांची वाट बंद केली. मासे कोणी धरायचे नाहीत असं ठरलं. पाण्याची बाटली आणि दोन शिंपले मामांनी तपासणीला नेण्यासाठी बांधून घेतले.

शुक्रवारी अंगणवाडीच्या ओसरीवर सभा बसली. बाराही जणी होत्या. सुनयना कोपऱ्यात, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून. डबे का काढले आणि कॅनीत काय होतं, हे तिनं अजून ऐकलं नव्हतं. मी चंपतला शब्द दिला होता की सगळं एकदाच, सगळ्यांसमोर सांगेन.

मी दरखास्त वाचली. तारीख, गाव, मेलेले शिंपले, पाण्यातलं विष. मग 'कोणाविरुद्ध' अशी रिकामी जागा आली. तिथं मी सगळ्यांदेखत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

"प्रणिता, बचत गटाची सचिव."

गोंगाट उसळला. मी डबा दाखवला, रेघा दाखवल्या, वहीतलं पान वाचलं, सरांचा खरा शब्द सांगितला. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसणं बाराही जणींत पसरलं. सोनाबाई मात्र हसल्या नाहीत.

"आन् चंपतच्या कॅनीत काय होतं?"

हाच प्रश्न. मी पाहिलं, चंपत दाराच्या चौकटीत उभा होता. तो पुढे आला आणि त्यानं स्वतःच सांगितलं. आणली, गार केली, ओतून दिली. सुनयनानं तोंडावर पदर घेतला.

"मंग नियम हाय," एक जण म्हणाली. "दारू आली त्या घरची बाई बाहेर."

माझा स्वर चढला. चढला ते बरंच झालं. "तिच्या नवऱ्यानं दारू उकिरड्यावर ओतली, शिंपला एकही मेला नाही," मी म्हणाले. "मी शब्द चुकीचा लिहिला आणि बाराशे मेले. काढायचं असेल तर आधी मला काढा. मग तिच्याबद्दल बोला."

सगळ्या सोनाबाईंकडे पाहू लागल्या. सोनाबाईंनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी पानं उलटली. त्यांना वाचता येत नाही, पण उलटली.

"हा दारूचा नियम याच वहीत लिवला हाय न?"

"हो."

"तुह्याच हातानं?"

"हो."

"मंग तुह्या वहीवर आता कोनाचा भरोसा हाय वं?" त्यांनी वही मिटून माझ्या मांडीवर आपटली. "काय लिवलं असन न् काय नाई! नियम नव्यानं लिवू. सुनयना लिवन. तू नुसती बस."

त्या दिवशी ओसरीवर जे हसू फुटलं ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मला इतकं हलकं वाटलं की माझा अपमान झालाय हे घरी पोचेपर्यंत ध्यानात आलं नाही.

दोर तरंगवायला काय वापरायचं, हाही ठराव झाला. काम चंपतलाच मिळालं. दुसऱ्या दिवशी तो आदिलाबादच्या रस्त्यानं गेला आणि दोन पोती बाटल्या घेऊन आला, सगळ्या दारूच्या, सगळ्या रिकाम्या. सुनयनानं अंगणात बसून प्रत्येक बाटली नाकाला लावून पाहिली, धुतली, पुन्हा नाकाला लावली. चंपत शेजारी उभा राहून बूच देत होता आणि मान खाली घालून हसत होता.

मामा रविवारच्या बसनं गेले. जाण्याआधी आम्ही तिघं वामनरावांच्या विहिरीवर गेलो. सुनयनानं जाळं वर ओढलं, एका उघड्या शिंपल्याच्या तोंडात बोट घातलं आणि किंचाळली.

"काय झालं वं?" मी घाबरून विचारलं.

तिनं हात वर केला. शिंपला तिच्या बोटाला घट्ट लोंबत होता.

"मिटला!" ती म्हणाली. "प्रणिता, मिटला! सोडूनच नाई राह्यला!"